हळद लावलेली नाळ

जानेवारीतला तिसरा शुक्रवार, सकाळची वेळ. रक्कम रुपये पाचशे. हजर : माझी आई, माझी मुलगी, माझी पुतणी आणि मी. ठिकाण करी रोडचं आमचं घर, सतरावा मजला. बायको शाळेत शिकवायला गेली होती, तिला सगळं संध्याकाळी कळलं.

पुतणी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आणि भावजय कुडाळजवळ गावी राहतात, तेव्हा तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे ठरलं होतं. तिला आठवा संपत आला होता. आईनं लुगड्याच्या कनवटीतून पाचशेची नोट काढून टीपॉयवर ठेवली.

"ह्ये खणणाऱ्याचे. आताच काढून ठेवतंय, मागाहून घोटाळो नको."

आमच्या घरात मूल जन्माला आलं की त्याची वार, म्हणजे आईच्या पोटात नाळ जिला जोडलेली असते ती, गावच्या परसात पुरतात. खड्डा खणणारा घरचा चालत नाही, आणि त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. मी जन्मलो परळला, पण माझी वार गावी फणसाच्या बाजूला आहे. मुलीची वार तर आईनं स्वतः नेली होती, मिठात घालून, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून. तेव्हा एसटीत शेजारच्या बाईनं डब्यात काय आहे विचारलं होतं आणि आईनं "खारवलेली मासळी" असं सांगितलं होतं. ही गोष्ट आई दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला न चुकता सांगते.

मुलगी परळच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. ती त्या नोटेकडे बघत म्हणाली, "आजी, त्यातलं थोडं मला देशील?"

"पैशातला?"

"नाही गं. नाळेतलं. वीतभर पुरे."

"वीतभर? ब्लाउजपीस घेतंस काय?"

पुतणी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "नाळ माझ्या बाळाची. मला विचारा ना कोणीतरी."

"तुला मी विचारणारच नाही," मुलगी म्हणाली. "नातेवाइकानं विचारायचं नाही असा नियम आहे. आमच्याकडची दुसरी मुलगी येईल, सगळं समजावून सांगेल, आणि तुला वाटलं तर सही कर. नाही वाटलं तर नको. मी रागावणार नाही."

पण तिचं किती अडलं होतं ते मला माहीत होतं. नाळेतून एक मोठी शीर जाते. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच पातळ थर असतो. तो सोडवून ताटलीत वाढवला की माणसाच्या रक्तवाहिनीचं अस्तर समोर मिळतं. मुलीचं सगळं काम त्याच्यावर. प्रयोग निदान तीन वेगवेगळ्या नाळांवर सारखा यावा लागतो, एकीवर आला तर कोणी धरत नाही. दोन झाल्या होत्या. तिसरीच्या पेशींवर बुरशी आली आणि सगळ्या ताटल्या टाकाव्या लागल्या. ज्या प्रसूतिगृहातून नाळा यायच्या ते दुरुस्तीसाठी बंद झालं. दुसऱ्या एका प्रसूतिगृहाची परवानगी संस्थेकडे होती, आमची पुतणी तिथंच नाव घालून होती, पण तिथून वर्षभरात एकही नाळ आली नव्हती. तिथल्या बायका सही करायला तयार होत नसत. मुलीची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार होती. त्याच्या आत तिसरी नाळ मिळाली नाही तर प्रबंधातला मधला अख्खा भाग गळणार होता, आणि त्या भागाशिवाय बाकीच्याला फारसा अर्थ नव्हता.

मी प्रभादेवीला एका कंपनीत हिशेब बघतो. विज्ञान दहावीनंतर सोडलं. मुलीचं काम समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि जे समजलं ते मी असं सांगेन. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या प्रत्येक पेशीत लांबट, सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत एक चिकट द्रव्य भरून ठेवलेलं असतं. कुठे जखम झाली की पिशव्या पेशीच्या कडेला येऊन फुटतात, द्रव्य बाहेर येतं, रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, त्याला चिकटतात आणि रक्त थांबतं. त्याच पिशव्यांतून पांढऱ्या पेशींना पकडणारे आकडेही बाहेर येतात, आणि तिथे सूज सुरू होते. जखम असेल तर हे चांगलंच. पण जखम नसताना पिशव्या फुटत राहिल्या तर वाहिनी आतून सुजते, अरुंद होते, बुजते. हे होऊ नये म्हणून त्याच पेशी एक वायू बनवतात, नायट्रिक ऑक्साइड. पिशवी आणि पेशीची भिंत एकमेकींना जोडून देणारं एक प्रथिन असतं. हा वायू त्या प्रथिनालाच जाऊन चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो. पिशवी बंद राहते.

मी तिला पहिल्यांदा विचारलं होतं, "हा तर गाड्यांच्या धुरात असतो ना? प्रदूषणाच्या बातम्यांत येतो."

"तोच, बाबा. धुरातला फुप्फुसाला त्रास देतो. पेशीत बनतो तो अगदी थोडा असतो आणि काही सेकंदांत संपतो. किती आणि कुठे, त्यावर सगळं आहे."

हे मला पटलं. मीठसुद्धा असंच आहे.

त्या शुक्रवारी तिनं हे सगळं आईला सांगितलं, अर्थात माझ्यापेक्षा सोप्या भाषेत. आई ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं, कारण तिच्या हातात लसूण होता आणि ती तो सोलत होती. मुलगी "वाहिनी आतून सुजते" म्हणाली तेव्हा आईचे हात थांबले.

"तुझ्या आजोबांका डॉक्टरान ह्याच सांगलेला."

माझे वडील मिलमध्ये होते. साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून काम, आणि सुट्टी झाली की विडी. चाळिशीच्या पुढे त्यांच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली. आधी दोन बोटं काढली, मग गुडघ्याखालून पाय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायाच्या रक्तवाहिन्यांना सूज आहे, विडी बंद करा. वडिलांनी विडी कमी केली, बंद केली नाही. आई त्यांच्यासाठी रोज कुबडीच्या टोकाचं रबर तपासायची, झिजलं की लालबागहून नवं आणायची.

"ता चिकट द्रव्य," आईनं विचारलं, "विडीन सुटता?"

"विडीच्या धुरानं हा वायू कमी पडतो. मग पिशव्या जास्त फुटतात. एवढं माहीत आहे."

"मगे वायू दिलो असतो तर तेंचो पाय वाचलो असतो काय?"

मुलगी लगेच हो म्हणू शकली असती. नाळ मिळाली असती. ती म्हणाली, "माहीत नाही, आजी. मी ताटलीतल्या पेशींवर बघते. माणसाच्या पायाचं मी सांगू शकत नाही."

आई पुन्हा लसूण सोलू लागली. जरा वेळानं तिनं विचारलं, "काम झाल्यार तेचा काय करतास? कचऱ्यात?"

"नाही. जाळतात. वेगळं, नियमाप्रमाणे."

"जाळतत. मगे चलात. पण वार नि उरलेली नाळ गावाक जातली."

"जाईल."

पुतणी म्हणाली, "झालं? ठरलं? आता मला जरा पाणी द्या."

संस्थेतली दुसरी मुलगी पुढच्या आठवड्यात येऊन गेली. ती आणि पुतणी आतल्या खोलीत बसल्या, आम्ही बाहेर. पुतणीनं सही केली.

बाळ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं, भल्या सकाळी, वेळेच्या थोडं आधी. मुलगा, वजन व्यवस्थित, रडणं दणदणीत. मी, आई आणि मुलगी तिघंही प्रसूतिगृहात होतो. वार ताब्यात मिळावी म्हणून लेखी अर्ज द्यावा लागतो, तो द्यायला मी खाली काउंटरवर गेलो. मुलगी टॅक्सीतून बर्फाचा डबा आणायला गेली. तिचं म्हणणं, टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं होतं आणि तो गेटच्या पुढे गेला होता, म्हणून वेळ लागला.

तेवढ्या वेळात सिस्टर स्टीलच्या ट्रेमधून वार घेऊन खोलीत आली. नाळ अजून तिला जोडलेलीच, मोकळ्या टोकाला चिमटा. मुलीसाठी वीतभर तुकडा कापून बरणीत घालायचा असं सिस्टरला माहीत होतं. ती कात्री आणायला वळली आणि आईनं पिशवी उघडली.

मी अर्ज देऊन वर आलो तेव्हा मुलगी दारातच उभी होती, बर्फाचा डबा दोन्ही हातांत धरून. ट्रेमधली नाळ टोकापासून टोकापर्यंत पिवळी होती. मधे मधे कुंकवाची बोटं. वर तांदळाचे चार दाणे.

"आजी." मुलीचा आवाज अगदी बारीक झाला. "हळद लावलीस?"

"लावलंय."

"का?"

"का म्हणजे? घरातला माणूस भायर जाता. हळदकुंकू लावल्याशिवाय मी कोणाक धाडतंय? तुका कॉलेजात धाडलंय तेवा नाय लावलंय?"

ते खरं होतं. मुलीच्या पहिल्या दिवशी संस्थेच्या फाटकापाशी तिनं कपाळ रुमालानं पुसलं होतं. मी बघितलं होतं.

सिस्टर कात्री घेऊन आली आणि थबकली. "अहो आजी, हे काय! लग्न लावताय का?"

खाटेवरून पुतणी हसायला लागली आणि लगेच कळवळली. "हसवू नका रे, टाके आहेत."

मुलगी हसली नाही. तिनं डबा खाली ठेवला आणि त्यांच्या मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, नाळ मिळालीये. पण घरच्यांनी वरून हळद लावली."

पलीकडून, "हळद म्हणजे स्वयंपाकाची?"

"हो. आणि कुंकू."

"शिरेच्या आत गेलीये का?"

"नाही. एका टोकाला चिमटा आहे, दुसरं वारेला."

"मग बाहेरून स्वच्छ पूस, स्पिरिट लाव आणि ये. पेशी वाढतात का बघू. बाकीचं नंतर बोलू."

सिस्टरनं तुकडा कापला. मुलगी तो बरणीतल्या थंड द्रावणात घालून निघाली. आईनं उरलेल्या नाळेवर आणि वारेवर मीठ पसरलं, डब्याला झाकण लावलं आणि मला म्हणाली, "तिच्या तोंडावर काय ता? मी कायतरी चुकलंय?"

मी म्हणालो, "बघू."

पेशी वाढल्या. तिसऱ्या दिवशी मुलीनं मला मोबाइलवर फोटो दाखवला. चांगल्या पेशी फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना लागून दिसतात, तशा त्या दिसत होत्या. मी म्हणालो, "मग झालं की काम." ती म्हणाली, "नाही, बाबा. मॅडम म्हणतात ही नाळ मोजायची नाही."

हळदीतलं द्रव्य सूज कमी करतं का, यावरच जगभर ढीगभर लोक काम करतात. समजा ताटलीत पिशव्या कमी फुटल्या, चिकट द्रव्य कमी निघालं. ते नायट्रिक ऑक्साइडमुळे की आजीच्या हळदीमुळे? शिरेच्या आत हळद गेली नाही हे आपल्याला माहीत आहे, पण नक्की गेली नाही हे सिद्ध कसं करणार? आणि ते सिद्ध करायलाही दोन महिने लागतील, ते नाहीत.

"इतर काही लावलं असतं तरी चाललं असतं एक वेळ," मुलगी म्हणाली. "कुंकवाचं मॅडम काही बोलल्याच नाहीत."

मी तिची समजूत घालू शकलो नाही, कारण मॅडमचं बरोबर होतं. माझ्याकडे शंकेचं व्हाउचर आलं तर मी ते बेरजेत धरत नाही. आमच्याच घरचं असलं तर त्याहून नाही.

आईपासून हे लपवायचं असं मुलीचं म्हणणं होतं. मी सांगितलं. लपवलं तर पुढच्या खेपेला ती पुन्हा हळद लावणार. आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या हळदीन पोरीचा वरीस बुडला?"

"अजून बुडलं नाही. मार्च बाकी आहे."

"दुसरी नाळ खंय गावता?"

"तीच तर अडचण आहे. तिथल्या बायका सही करत नाहीत."

"कित्याक करीत नाय?"

मग तीच म्हणाली, "तेंका कोणी सांगूक नाय आसतला."

पुतणीला अजून घरी सोडलं नव्हतं, बाळाला थोडी कावीळ होती म्हणून. आई तशीही रोज तिथे जाऊन बसायची. पलीकडच्या खाटेवर लालबागची एक बाई होती. तिचं दुसरं बाळंतपण, पहिल्या वेळचं सिझेरियन, त्यामुळे हेही ठरवून करायचं होतं आणि आदल्या दिवशी भरती केलं होतं. तिच्याजवळ तिची सासू. त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा आई तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसून बोलत होती, आणि माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"रक्ताच्या नळीत आतून सरस भरलेल्यो बारीक पिशयो आसतत. एक वायू तेंका गप धरून ठेवता. तो कमी पडलो काय पिशयो फुटतत. माझ्या घोवाचो पाय गेलो, तो हेच्यानच गेलो काय ता कोणाक ठावक नाय. माझी नात ताच शोधता."

मी दारातच थांबलो. मला दोन वर्षं लागली होती. आईनं लसणाचा एक गड्डा सोलेपर्यंत समजून घेतलं होतं.

सासूनं विचारलं, "नाळ दिली तर बाळाला काही होत नाही ना?"

"बाळाची कापून झाल्यारच उरता ती. तुमी पुरतास काय?"

"आमच्यात नाही पुरत. डॉक्टर कुठे टाकतात, आम्ही कधी विचारलंच नाही."

"मगे?"

"पैसे मिळतात का?" सासूनं सरळ विचारलं.

"एक पैसो नाय."

"मग ठीक आहे," सासू म्हणाली. "पैसे देतो म्हणाला असतात तर मी नाहीच म्हणणार होते. काहीतरी भानगड असती."

सून हसली. "मी देते. पण हळद लावू नका हां आजी. मी सगळं ऐकलंय इथून."

पुतणी म्हणाली, "आजीची पिशवी मी माझ्या खाटेखाली ठेवून घेतलीये."

मी बाहेर येऊन मुलीला फोन केला. ती आधी चिडली. आजीनं असं विचारायला नको होतं, हा दबाव होतो. तिनं मॅडमना सांगितलं, आणि मॅडमनी संस्थेतल्या त्याच मुलीला संध्याकाळी पाठवलं. तिनं त्या बाईला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, नाही म्हणायची पूर्ण मोकळीक आहे हेही सांगितलं, तेही सासू बाहेर गेलेली असताना. बाईनं विचार केला आणि सही केली. आई त्या वेळी माझ्याबरोबर व्हरांड्यात होती. मी तिला धरूनच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या सिझेरियननंतर नाळ थेट बरणीत गेली. या वेळी मुलगी बर्फाचा डबा घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दारातच बसली होती.

त्या पेशींवर तिनं फेब्रुवारी संपेपर्यंत काम केलं. मला आकडे दाखवले, मी ते दोनदा बघितले. ज्या ताटल्यांत पेशींना हा वायू बनवूच दिला नाही, तिथे चिकट द्रव्य जास्त बाहेर आलं. ज्या ताटल्यांत बाहेरून दिला, तिथे कमी. आधीच्या दोन नाळांत जसं आलं तसंच, फरक थोडा लहान, पण त्याच दिशेनं. मोजायची नव्हती तरी आमच्या घरच्या नाळेवरही तिनं तोच प्रयोग केला होता, तिचे आकडेही आले होते. त्यांत फरक सगळ्यांत मोठा होता. ते प्रबंधात नाहीत. तिच्या प्रयोगाच्या वहीत त्यांच्यापुढे तिनं एक ओळ लिहून ठेवली आहे, नाळेला बाहेरून हळद लागली होती म्हणून वगळली. प्रबंध मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सादर झाला.

वडिलांच्या पायाबद्दल त्यात काही नाही. आईनं विचारलं, तेव्हा मुलीनं तेच उत्तर दिलं, माहीत नाही. आई म्हणाली, "ठावक नाय म्हणता ता बरा."

वार मी सकाळच्या गाडीनं कुडाळला नेली. डब्यात काय आहे ते कोणी विचारलं नाही. परसात, माझ्या आणि मुलीच्या वारेच्या जवळच, खड्डा खणून घेतला. खणणारा वाडीतलाच एक गडी, त्याला तीनशे दिले आणि नारळ. पाचशेतले दोनशे उरले. आईला ते लालबागच्या बाईच्या बाळाच्या हातावर ठेवायचे होते. मुलगी नाही म्हणाली. नाळेचा मोबदला द्यायचा नाही असा नियम आहे, आणि प्रबंध गेला म्हणून नियम संपत नाही. आईनं थोडा वाद घातला. मग ते दोनशे तिनं आमच्याच बाळाच्या मुठीत ठेवले, आणि त्यानं लगेच तोंडात घातले म्हणून काढून घेऊन पुतणीला दिले. त्या बाईला काही दिलं नाही.